रोजचं लिखाणाचं टार्गेट वाईट दिवसावरून ठरवा

लिहायची हौस असणारी माणसं कोल्हापुरात गल्लोगल्ली सापडतात. मी मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर हिशेब बघतो, तिथंसुद्धा असे कितीतरी जण भेटलेत की ज्यांच्या डायरीच्या मागच्या पानांवर चार ओळी लिहिलेल्या असतात, कुणाला आजोबांवर लिहायचंय, कुणाला गावच्या म्हाईवर म्हणजे जत्रेवर, कुणाला नुसतं मनात साठलेलं बाहेर काढायचंय. आणि विचारलं की सगळ्यांचं उत्तर एकच, अहो डोक्यात लई आहे पण रोज बसणं होत नाही. याला लोक आळस म्हणतात, मला ते अजिबात पटत नाही. पहाटे चारला उठून कामाला लागणारा माणूस आळशी कसा असेल? बहुतेक वेळा टार्गेटच चुकीचं लावलेलं असतंय.

होतं काय, तर आपण टार्गेट लावतो ते आपल्या चांगल्या दिवसाकडं बघून. रविवारची सकाळ आहे, मिसळ खाऊन आलोय, घरात पाहुणे नाहीत, फोन शांत आहे, अशा वेळी तीन पानं झरझर होतात आणि मग आपण ठरवून टाकतो की आता रोज तीन पानं. सोमवारी एक पान होतंय, मंगळवारी मावशीकडं जावं लागतंय, बुधवारी लाईट नाही, आणि गुरुवारी वही उघडायलाच नको वाटतं कारण आठ पानं मागं पडलोय असं डोक्यात बसलेलं असतं. म्हणून टार्गेट ठरवायचं ते वाईट दिवसाकडं बघून. गेल्या महिन्यातला तुमचा सगळ्यात दमवणारा दिवस आठवा. रात्री साडेदहाला घरी आलाय, पाय दुखतायत, जेवणसुद्धा उभ्याउभ्या झालंय. त्या रात्री, त्या अवस्थेत, तुम्ही किती लिहू शकला असता? जे उत्तर येईल ते तुमचं रोजचं टार्गेट. माझं उत्तर पाच ओळी होतं. तुमचं तीन असेल, दहा असेल, पण एक पान असं उत्तर आलं तर परत एकदा विचार करा, बहुतेक तो दिवस तेवढा वाईट नव्हता.

पाच ओळी म्हटलं की लोक हिरमुसतात, एवढ्यानं काय होणार म्हणतात. तालमीत नवीन पोरगं आलं तर वस्ताद त्याला पहिल्याच दिवशी पाचशे जोर मारायला लावत नाही, थोडेच मारायला लावतो पण उद्या यायचं हे पक्कं सांगतो, कारण एका दिवसात अंग मोडून घेतलेलं पोरगं दुसऱ्या दिवशी येत नाही हे त्याला माहीत असतंय. आणि पाच ओळींचा हिशेब पण तेवढा किरकोळ नाही. साधारण 25 ओळींचं पान धरलं तर वर्षाला 73 पानं होतात. ओळीत आठ शब्द धरले तर साडेचौदा हजार शब्द. हे फक्त वाईट दिवसांचं, बरं का, चांगल्या दिवशी जास्त होणारच आहे.

चांगल्या दिवशी काय करायचं? तर टार्गेट दोन पायऱ्यांचं ठेवायचं. एक कमीत कमी, म्हणजे ते पाच ओळींचं, ते चुकवायचं नाही. दुसरं जमलं तर, म्हणजे एक पान, दोन पानं, तुमच्या ताकदीप्रमाणं. दुसरं झालं नाही तर काही बिघडत नाही. पण इथं एक नियम पक्का पाळायचा, की आज तीन पानं झाली म्हणून उद्याची सुट्टी नाही, आणि काल शून्य झालं म्हणून आज दहा ओळी नाहीत. मागची बाकी पुढं ओढायचीच नाही. दिवसभर हिशेब लिहिणारा माणूस म्हणून सांगतो, व्यवहारात बाकी ओढलीच पाहिजे पण लिखाणात ओढली की दोन आठवड्यांत खातं बंद पडतंय. रोज कोरं पान, रोज तेच पाच.

आता मोजायचं कशात, ओळीत की शब्दांत की मिनिटांत? यावर मी बऱ्याच जणांशी बोललोय आणि माझं मत असं झालंय की हातानं लिहिणाऱ्यांनी ओळी मोजाव्यात, मोबाईल किंवा लॅपटॉपवर लिहिणाऱ्यांनी शब्द, आणि ज्यांना प्रत्येक वाक्य खोडत बसायची सवय आहे त्यांनी मिनिटं. मिनिटं मोजणाऱ्यांनी दहा मिनिटांचा टायमर लावायचा आणि त्या वेळात वहीसमोरून उठायचं नाही एवढंच, मग दोन ओळी होवोत नाहीतर वीस. गूगल डॉक्सवर लिहीत असाल तर कॉम्प्युटरवर कंट्रोल, शिफ्ट आणि सी एकदम दाबलं की शब्दांचा आकडा येतो, मोबाईलवर वरच्या तीन टिंबांत वर्ड काउंट आहे.

शब्दांच्या बाबतीत एक गोष्ट जरा नीट सांगायला पाहिजे कारण यात भरपूर लोक नाउमेद होतात. इंटरनेटवर जे आकडे फिरतात, रोज हजार शब्द, रोज दोन हजार शब्द, ते सगळे इंग्रजीचे आहेत. अमेरिकेत 1999 साली एका महिन्यात 50,000 शब्दांची कादंबरी लिहायचा उपक्रम सुरू झाला, पुढच्या वर्षीपासून तो नोव्हेंबरात व्हायला लागला, त्याचा रोजचा हिशेब 1,667 शब्दांचा होतो, तो आकडा आपल्याकडं पण बरेच जण उचलतात. पण मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतात. ‘रंकाळ्याच्या काठावरनं चालणाऱ्या माणसांकडं बघत’ हे आपले पाच शब्द झाले, तेच इंग्रजीत सांगायला आठ-नऊ तरी लागतात. म्हणजे इंग्रजीतला हजाराचा आकडा जसाच्या तसा मराठीला लावला तर तुम्ही प्रत्यक्षात कितीतरी जास्त मजकूर लिहिताय आणि तरी मागं पडलोय असं समजताय. त्यात नोव्हेंबर म्हणजे आमच्याकडं गुळाचा सीझन, दिवाळीची धामधूम, घरात लग्नाच्या याद्या. त्यामुळं बाहेरचा आकडा घेऊ नका. एक आठवडा नुसतं लिहा, रोजचे शब्द मोजा, आणि त्यातला सगळ्यात लहान आकडा हे आपलं टार्गेट धरा.

तरी नोकरी सांभाळून मोठं काम कसं होतं हे बघायचं असेल तर अँथनी ट्रॉलप या इंग्लिश कादंबरीकाराचं उदाहरण चांगलं आहे. हा माणूस पोस्टखात्यात नोकरीला होता आणि पहाटे साडेपाचला टेबलापाशी बसायचा, समोर घड्याळ ठेवून दर पंधरा मिनिटांना 250 शब्द लिहायचा आणि नाश्त्याच्या आधी तीन तासांचं काम उरकायचा. अशा 47 कादंबऱ्या झाल्या त्याच्या. त्याचा वेग आपण घ्यायचा नाही, घ्यायची ती दुसरीच गोष्ट, तो पहिला अर्धा तास आदल्या दिवशीचं लिहिलेलं वाचण्यात घालवायचा. आपण दोन मिनिटं घालवू. काल काय लिहिलं ते वाचलं की आजची पहिली ओळ शोधत बसावी लागत नाही, ती कालच्यातनंच येते. त्याला जोडून मी अजून एक करतो, रोज थांबताना शेवटचं वाक्य मुद्दाम अर्धं सोडतो. पुढं काय येणार हे माहीत असताना पेन खाली ठेवायला जिवावर येतं खरं, पण दुसऱ्या दिवशी बसल्या बसल्या हात चालू होतो.

आता वेळ. रोज ठराविक वेळी लिहा असं सगळेच सांगतात आणि ते बरोबर आहे, पण ज्याची वेळच ठराविक नाही त्यानं काय करायचं? माझा एक मित्र गोकुळ शिरगावला फाउंड्रीत आहे, त्याची शिफ्ट आठवड्याला बदलते. तो मला म्हणाला, ‘भावा, पहाटे पाचला लिही म्हणतोस, पण एका आठवड्यात मी पाचला उठतो, एका आठवड्यात पाचला कामावर असतोय, वेळ कुठली सांगू?’ त्याचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. अशा वेळी घड्याळाला बांधायचं नाही, रोज न चुकता होणाऱ्या एखाद्या कामाला बांधायचं. तो शिफ्ट कुठलीही असली तरी घरी आल्यावर अंघोळ करतोच, कारण भट्टीची काळी धूळ अंगावर असते. मग ठरलं, अंघोळ झाली की टॉवेल दोरीवर टाकायचा आणि वही घ्यायची, जेवणाचं ताट नंतर. हे चालू आहे आणि त्याचं भट्टीवरचं लिखाण वाचताना मला घाम फुटतो इतकं जिवंत आहे. ‘अमुक झालं की मी तमुक करणार’ असं आधीच पक्कं ठरवून ठेवलं की काम प्रत्यक्षात व्हायची शक्यता वाढते, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी 1999 साली सविस्तर मांडलेलं आहे. रोज संध्याकाळी लिहीन, हे कच्चं. चहाचा कप खाली ठेवला की वही उघडीन, हे पक्कं.

आमच्या वहिनी डबे करतात. त्यांना हे सगळं सांगितलं तर म्हणाल्या, ‘भाऊजी, मला सलग पाच मिनिटं कोण देणार?’ त्यांना सलग पाच मिनिटं मिळतच नव्हती, हे घरात आम्हाला सगळ्यांना दिसत होतं. त्यावर वही हा उपायच नाही. त्या आता शेवटचा डबा पोरगा घेऊन गेला की दारातच उभ्या राहून मोबाईलवर बोलून लिहितात. मोबाईलच्या जीबोर्ड या कीबोर्डला मराठी भाषा लावली आणि माईकचं चिन्ह दाबलं की बोललेलं अक्षरात उमटतं. विरामचिन्हं नंतर हातानं घालावी लागतात, आणि आपल्या बोलीतले शब्द कधी कधी भलतेच उमटतात, ते रात्री नीट करायचे. बोलून लिहिणं म्हणजे खरं लिहिणं नव्हे असं कुणी म्हणत असेल तर त्याला सांगा की वि. स. खांडेकरांची दृष्टी गेल्यावर त्यांनी याच कोल्हापुरात लेखनिकाला सांगून लिखाण चालू ठेवलं होतं.

सवय लागायला किती दिवस लागतात, हा प्रश्न येतोच. 21 दिवस हा आकडा सगळीकडं ऐकू येतो. त्याचं मूळ 1960 मध्ये मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जनने लिहिलेल्या निरीक्षणात आहे, ऑपरेशननंतर पेशंटला आपला नवा चेहरा अंगवळणी पडायला कमीत कमी 21 दिवस लागतात असं त्याला दिसलं होतं. त्याचा रोजच्या कामाच्या सवयीशी संबंध नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांवर केलेला अभ्यास 2010 मध्ये छापून आला, त्यात प्रत्येकानं दुपारच्या जेवणाबरोबर फळ खाण्यासारखी एक साधी गोष्ट निवडली आणि 12 आठवडे रोज नोंद केली. ती गोष्ट आपोआप व्हायला सरासरी 66 दिवस लागले, आणि माणसामाणसांत फरक केवढा, तर 18 दिवसांपासून 254 दिवसांपर्यंत (12 आठवड्यांच्या पुढचे आकडे नोंदींवरून काढलेला अंदाज आहेत). म्हणजे महिना झाला तरी अजून ओढून-ताणून बसावं लागतंय म्हणून कुणी घाबरू नये. आणि त्याच अभ्यासात हेही दिसलं की एखादा दिवस चुकला म्हणून सवय लागण्यात काही खास फरक पडत नाही. मला यातलं हे सगळ्यात मोलाचं वाटतं. कारण लिहिणं सोडणारी माणसं रोज लिहायचा कंटाळा आला म्हणून सोडत नाहीत, एक दिवस हुकला आणि आता साखळी तुटलीच म्हणून सोडतात. हुकला तर हुकला. फक्त सलग दुसरा हुकू द्यायचा नाही.

नोंद ठेवायला ॲप शोधत बसू नका. भिंतीवर कालनिर्णय असतंच, त्याच्या चौकटीत दुधाचा हिशेब आणि गॅस लावल्याची तारीख लिहितो तिथंच कोपऱ्यात एक टिकमार्क करायचा. घरातली माणसं जाता-येता बघतात, लहान पोरं तर आठवण करून देतात, आज टिक नाही केली म्हणून.

आता खरा मुद्दा, त्या पाच ओळींत लिहायचं काय. कारण टार्गेट लहान केलं तरी कोरं पान बघून डोकं बधिर होतंच. माझा उपाय एकच आहे, दिवसभरात जवळून बघितलेली एक गोष्ट लिहायची, मत लिहायचं नाही. समजा संध्याकाळी गंगावेशीत दूध कट्ट्यावर गेलाय, समोर म्हशीची धार काढून ग्लास हातात मिळतोय. घरी येऊन ‘आज धारोष्ण दूध प्यायलो, फार छान वाटलं, कोल्हापूरची बातच न्यारी’ असं लिहिलं तर ते उद्या तुम्हाला स्वतःलाच वाचवणार नाही. त्याऐवजी असं बघा:

‘म्हैस शेपटीनं माशा मारत उभी. धार काढणाऱ्या मामांच्या मनगटाला लाल दोरा, तो दुधानं भिजलेला. ग्लासात वर चार बोटं फेस. माझ्या पुढं तालमीतलं एक पोरगं होतं, त्यानं ग्लास दोन्ही हातांनी धरला. पिऊन झाल्यावर त्यानं मिशी पुसली, मिशी अजून फुटलेली नाही.’

पाचच वाक्यं आहेत, लिहायला पाच मिनिटं लागतात, आणि यात कुठंही मी काय वाटलं ते सांगितलेलं नाही. पण त्या पोराची पुढं गोष्ट होऊ शकते, मामांच्या दोऱ्याची होऊ शकते. अशा नोंदी साठत गेल्या की विषय नाही ही तक्रार राहत नाही. बघायची जागा तुमची तुम्ही ठरवा, केएमटी बसचा स्टॉप असेल, भाजी मंडई असेल, आमच्याकडं गुळाचे सौदे असतात, गुळाच्या रव्यावर म्हणजे ढेपेवर टोचा मारून चव बघताना व्यापाऱ्याच्या चेहऱ्यावर काहीच दिसू न देण्याची जी खटपट असते ती एकदा बघायला या, आठवडाभराचं लिखाण आहे ते.

वर्षभर एकच टार्गेट ठेवायचा हट्ट मात्र करू नका. सीझन लागला की माझं पाचचं तीन होतं, उन्हाळ्यात परत वाढतं. आणि जुलै-ऑगस्टमध्ये पाणी वाढायला लागलं की सगळं बाजूला ठेवून एक ओळ. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्याची पातळी दर काही तासांनी सगळ्यांच्या मोबाईलवर येतच असते, 39 फूट इशारा, 43 फूट धोका, तेच सगळ्यांच्या तोंडात असतं. तो आकडा आणि वेळ लिहायची, आणि त्याखाली आपल्या गल्लीत त्या वेळी काय चाललं होतं ते एका ओळीत. 2019 आणि 2021 च्या पुरात ज्यांनी असं लिहून ठेवलं असेल त्यांच्या वहीला पुढं फार किंमत येणार आहे, कारण आकडे सरकारी दप्तरात मिळतील पण कुणाच्या माडीवर कुणाची शेळी बांधली होती हे तिथं मिळणार नाही. शेतकरी असाल तर पेरणी आणि तोडणीच्या दिवसांत, परीक्षा असतील तर परीक्षेच्या दिवसांत असंच एक ओळीवर यायचं. शून्यावर यायचं नाही एवढं बघा.

लिहिताना खोडाखोड आणि शुद्धलेखन याचा विचार रोज करू नये. त्याला आठवड्यातला वेगळा दिवस द्यावा, त्या दिवशी पाच ओळी लिहून झाल्या की आठवड्याभराचं वाचायचं आणि पेन्सिलीनं खुणा करायच्या. दोन्ही कामं एकदम केली की दुसरी ओळ होईपर्यंत पहिली चारदा बदललेली असते आणि वेळ संपतो. आणि लिहिलेलं कुणाला दाखवायचं असेल तर सुरुवातीला एकाच माणसाला दाखवा, ज्याला वाचायची आवड आहे आणि जो तोंडावर खरं बोलेल असा. पूर्ण ग्रुपवर टाकलं की अंगठे आणि फुलं येतात, त्यातून काही कळत नाही.

महिना संपला की कालनिर्णयचं पान उलटायच्या आधी टिका मोजा. पंचविसाच्या वर असतील तर एक किंवा दोन ओळी वाढवायला हरकत नाही, पण वाढवलंच पाहिजे असं नाही. पंधराच्या खाली असतील तर टार्गेट निम्मं करा, ते तुमच्या वाईट दिवसाला झेपत नाही असा त्याचा अर्थ. मधे असतील तर आहे तेच चालू दे. आणि तीन महिने झाले की पूर्ण वही एका बैठकीत वाचून काढा, हातात लाल पेन घेऊन. कुठला माणूस, कुठली जागा, कुठली गोष्ट परत परत येतेय तिथं खूण करा. कुणाच्या वहीत आई सतत येते, कुणाच्या वहीत शेत विकल्याचं, कुणाच्या वहीत नोकरीतला एखादा साहेब. जे सगळ्यात जास्त वेळा आलंय त्यावर तुम्हाला लिहायचंय. मग नवी वही घ्यायची, तिच्या पहिल्या पानावर ते नाव टाकायचं, आणि तिथून पुढं रोजच्या पाच ओळी फक्त त्याच विषयाच्या लिहायच्या.